रोहूचा पहिला घास

दूध उतू गेलं तेव्हा परसराम मेश्राम गॅसपासून दोन हातांवर डोळे मिटून उभा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जानेवारीचं ऊन त्याच्या पाठीवर पडलं होतं आणि परसराम त्या उन्हाचा आस्वाद घेत होता. मनात सतरापर्यंत मोजून झालं होतं. वीसला तीन कमी होते. म्हणून फस्सकन आवाज झाला, करपल्याचा वास आला, तरी तो जागचा हलला नाही.

वीस झाल्यावर त्याने डोळे उघडले. समोर सत्यभामा कमरेवर हात ठेवून उभी होती.

"दूध गेलं वाट्टे," परसराम म्हणाला.

"वाट्टे? अर्धा लिटर दूध ओट्यावरून खाली वाहून राहिलं अन् तुमाले वाट्टे?"

"ऊन मोठं मस्त होतं व."

"मंग आता उनाचाच चहा प्या."

परसराम तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. त्या तीस वर्षांत ड्यूटीवर असताना एकही जेवण त्याने चावून खाल्लं नव्हतं. थांबा दहा मिनिटांचा. त्यातली तीन मिनिटं कंट्रोलरच्या खिडकीवर जायची, उरलेल्या सातांत डबा. भाजी कोणती होती हे रात्री सत्यभामाने विचारलं तर त्याला सांगता येत नसे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी घास त्याच चालीने पडत होते, जणू बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. गंमत अशी, की जेवण विसरणाऱ्या या माणसाला भांडणं मात्र एकूण एक लक्षात होती. पवनीच्या स्टँडवर एक म्हातारा काय बोलला, कुठल्याशा साहेबाने गणवेशाच्या तुटक्या बटणावरून चारचौघांत कशी शोभा केली, सगळं तोंडपाठ. रोज जेवणानंतर त्यातलं एखादं काढून तो घोळत बसे आणि रक्तदाब वाढवून उठे.

मुलगी हर्षा मानसशास्त्रात एम.ए. झालेली. तुमसरच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. तिने बापावर उपाय काढला.

"पप्पा, वाईट गोष्ट गोचिडासारखी असते. नाही म्हनलं तरी चिकटते. चांगली गोष्ट घसरून जाते, तिले धरून ठेवा लागते. काही चांगलं वाटलं का थांबायचं. डोळे मिटायचे, वीसपर्यंत मोजायचं. तेवढ्या वेळात ते मनात मुरते."

"मोहाच्या फुलावानी?"

"लोणच्यावानी," हर्षाने घाईघाईने दुरुस्ती केली.

परसरामने आयुष्यात एसटीचं एकही परिपत्रक मोडलं नव्हतं. हेही मोडलं नाही. तो चहाच्या पहिल्या घोटाला थांबू लागला, गार पाण्याने तोंड धुतल्यावर थांबू लागला. केस कापायला गेला तर डोकं चोळून झाल्यावर खुर्चीतून उठेना. मागे नंबर लावून बसलेल्या तिघांना वाटलं, बुढ्याला झोप लागली. त्यांनी त्याला खुर्चीसकट उचलून बाजूला ठेवलं. त्या उचलण्याचाही त्याने आस्वाद घेतला.

पण महिन्याभरात बटणवाला साहेब त्याच्या तोंडून नाहीसा झाला. पवनीचा म्हाताराही गेला. दुपारी घरात शांतता नांदू लागली. सत्यभामाच्या हे लक्षात आलं होतं. मात्र नवऱ्याला चांगलं म्हणावं, तर तो त्याचाही आस्वाद घेत दारात उभा राहील, या भीतीने ती गप्प होती.

अशात दिघोरीचं बोलावणं आलं.

हर्षा आणि अतुल खोब्रागडे यांचं तीन वर्षांपासून जमलं होतं. अतुल दिघोरीचा, कृषी सहायक, पोरगा गुणाचा. त्याच्या आईचा होकार होता. अडचण होती ती वडिलांची. सुगत गुरुजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडे तपासायला वह्या उरल्या नव्हत्या, म्हणून ते माणसं तपासत. दोन वर्षांपूर्वी अतुलला एक स्थळ सांगून आलं होतं. मुलीच्या बापाने ताटात अर्धं वांगं टाकलं. गुरुजींनी त्या वांग्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि ते स्थळ तिथेच संपलं. ही हकीकत अतुलनेच हर्षाला सांगितली होती, सावध राहावं म्हणून.

त्यामुळे रविवारी लाखांदूरच्या गाडीत बसल्यापासून सत्यभामा नवऱ्याला पढवत होती.

"ताटात काही टाकू नका. अन् भसाभसा गिळूही नका, मासोळी करून राहिले थे. काटे असतेत. सावकाश जेवा."

"सावकाश," परसरामने मान हलवली.

"अन् हे तुमचं वीस-बीस तिथं काही काढू नका."

"अव पन, सावकाश मंग कसं जेवू?"

खिडकीबाहेर धान कापलेल्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक हिरवंगार पसरलं होतं. सत्यभामाने उत्तर दिलं नाही. तिथेच ती चुकली.

खोब्रागड्यांच्या घरी स्वागत झकास झालं. जयभीम झाला, चहा झाला, गुरुजींनी परसरामला एसटीच्या सेवेबद्दल सात प्रश्न विचारले आणि सातही उत्तरांना मान डोलावली. सुलोचनाबाई, म्हणजे अतुलची आई, पदराला हात पुसत दोनदा बाहेर येऊन गेल्या. आतून येणारा वास असा होता, की परसराम गुरुजींचा आठवा प्रश्न ऐकायलाच विसरला.

"गोसीखुर्द धरनाच्या पान्यातला रोहू हाय," सुलोचनाबाई ताटं वाढताना सांगू लागल्या. "सकाऊन अतुलनं आनला. मी बसून एकेक काटा येचून काढला जी भाऊ. एक काटा सापडनार नाही तुमाले. आमच्या यायले काटा चालत नाही."

"मीठही जास्त चालत नाही," गुरुजी म्हणाले. "करा सुरुवात, मेश्रामजी."

चिन्नोरचा पांढराशुभ्र भात, त्यावर लालभडक रस्सा, आणि बाजूला रोहूचा तळहाताएवढा तुकडा. परसरामने घास कालवला आणि तोंडात घातला.

आणि गाडी थांबली.

पन्नासएक हजार जेवणं या माणसाच्या पोटात गेली असतील, पण जेवण म्हणजे काय हे त्याला त्या क्षणी कळलं. आधी चिंचेची आंबटी आली, मागून लसणाची ठसक, आणि मग रोहू, लोण्यासारखा, जिभेवर नुसता टेकताच विरघळणारा. सत्यभामाची ताकीद त्याच्या लक्षात होती. पण ती ताकीद बाहेर राहिली आणि तो आत गेला. त्याने डोळे मिटले. एक. दोन. तीन. सहावर येईतो मिटल्या पापण्यांतून पाणी आलं आणि गालावर ओघळलं.

"आगं माय!" सुलोचनाबाई ओरडल्या. "भाऊले काटा अडकला!"

परसरामच्या तोंडात घास होता. घास असताना बोलायचं नाही. त्याने हात वर केला, पाची बोटं पसरून, म्हणजे 'थांबा'.

"बोलताही येऊन नाही राहिलं त्याहिले!" सुलोचनाबाईंचा आवाज चढला. "अतुल, केळं आन! सुका भात आना कोनी!"

सत्यभामाला काय चाललंय ते पक्कं ठाऊक होतं. पण होणाऱ्या व्याह्यांच्या घरी पहिल्याच जेवणाला 'माझा नवरा मजा घेऊन राहिला' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? ती कशीबशी म्हणाली, "काही नाही जी. त्याहिले सवय हाय."

"काटा अडकायची सवय?" गुरुजींनी चष्मा वर केला.

अतुलने केळं सोलून परसरामच्या ओठांना लावलं. परसरामने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. तेरा, चौदा. सुलोचनाबाई सुक्या भाताचा लाडू वळून समोर उभ्या राहिल्या. पंधरा. तेवढ्यात गुरुजी उठले. शाळेत छत्तीस वर्षं काढलेला हात त्यांनी वर नेला आणि परसरामच्या पाठीत दणका दिला.

घास गेला. एकदम, सगळा, गिळायचा तो मुहूर्त नसताना.

परसरामने डोळे उघडले. "मले काही झालं नाही जी!" तो म्हणाला. "काटाबिटा काही नाही. मी आस्वाद घेऊन राहिलो होतो."

अतुलच्या हातात केळं तसंच होतं.

"काय घेऊन राहिले होते?" गुरुजींनी विचारलं.

आता सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. परसरामने सगळं सांगितलं. गोचीड सांगितली, लोणचं सांगितलं, वीस आकडे सांगितले. गुरुजींच्या कपाळावरची आठी काही हलेना, तेव्हा त्याने सरळ हर्षाला फोन लावला आणि आवाज मोठा करून ताटाशेजारी ठेवला. बिचारी हर्षा भंडाऱ्याच्या घरी कपडे वाळत घालत होती. होणाऱ्या सासऱ्याला तिने पहिलाच नमस्कार केला तो असा, आणि पुढची पाच मिनिटं शास्त्र समजावलं. चांगलं वाटलं त्यावर जरा टेकलं, की मन कसं शांत होतं, चिडचिड कशी कमी होते, साध्या माणसाचा साधा दिवसही कसा बरा जातो.

"याला पुरावा काय?" गुरुजींनी विचारलं.

"पप्पाच पुरावा हायेत नं काका. महिन्यापासून कोनाशी भांडले नाही थे."

गुरुजींची आठी सैल झाली. "पोरगी मुद्द्याने बोलते," ते म्हणाले.

सत्यभामाने सुटकेचा श्वास सोडला. सुलोचनाबाई तर वेगळ्याच जगात होत्या. "म्हंजे थे डोळ्यातलं पानी," त्यांनी हळूच विचारलं, "माया मासोळीनं आलं?"

"हो ईनबाई," परसराम म्हणाला, आणि आवंढा गिळला.

तेव्हा त्याला कळलं. घशात उजव्या बाजूला, खोल, काहीतरी टोचलं. त्याने पुन्हा आवंढा गिळला. पुन्हा टोचलं. गुरुजींच्या दणक्याने घास गेला होता, आणि घासात सुलोचनाबाईंच्या नजरेतून सुटलेला रोहूचा एकुलता एक काटा होता.

कोणीही शहाणा माणूस त्याच क्षणी बोलला असता. परसरामने तोंड उघडलंही. पण समोर सुलोचनाबाई होत्या, आणि आपल्या मासोळीने माणूस रडला या आनंदाने त्यांचा चेहरा उजळला होता. सकाळपासून बसून वेचलेल्या मासोळीत काटा निघाला, हे त्यांना आत्ता, याच क्षणी, कसं सांगायचं? शिवाय दोन मिनिटांपूर्वी त्यानेच छातीठोकपणे 'काटाबिटा काही नाही' म्हणून सांगितलं होतं, आणि गुरुजी पुरावे मागणारे. त्याने तोंड मिटलं.

"घ्या जी भाऊ," सुलोचनाबाईंनी रोहूचा डोक्याकडचा तुकडा त्याच्या ताटात ठेवला. तो तुकडा आजवर गुरुजींचा होता. गुरुजींनीही पाहिलं, की तो गेला.

परसराम जेवू लागला. ताटात काही टाकायचं नव्हतं. प्रत्येक घासाला काटा टोचायचा, डोळे आपोआप मिटायचे आणि पाणी यायचं. सुलोचनाबाई ते पाणी पाहायच्या आणि आणखी रस्सा वाढायच्या.

"रसिक मानूस हाय बाप्पा," त्या सत्यभामाला म्हणाल्या. "तुमचं नशीब मोठं, ईनबाई."

सत्यभामा हसली. पण ते हसणं परसरामला काही बरं वाटलं नाही.

आता गुरुजींनाही राहवेना. "प्रयोग करून पाहायला हरकत नाही," त्यांनी जाहीर केलं. "अतुल, सुलोचना, तू पण बस. सगळ्यांनी एकेक घास घ्या. डोळे मिटा. मी मोजतो. मधात कोणी उघडायचे नाहीत."

शाळेत प्रार्थनेला बसवावं तसं त्यांनी सगळ्यांना बसवलं. पाच घास पाच तोंडांत गेले. दहा डोळे मिटले. गुरुजींनी टेबलावर बोटाने ठोके धरले, कारण तोंडात घास होता.

टक. टक. टक.

परसरामने एक डोळा उघडला. सगळे आस्वादात होते. घशातला काटा आता कानापर्यंत कळ मारत होता. वीस ठोके. तीस वर्षं त्याने गाडी सुटायच्या आत परत यायची विद्या साधली होती. तो पावलं न वाजवता उठला, मागच्या दारातून परसात गेला, मोरीपाशी वाकला आणि दोन बोटं घशात घातली.

आठ ठोके झाले, काटा हाती लागेना. दहा झाले. परसराम ओकाऱ्या देऊ लागला, शक्य तितक्या सभ्य आवाजात.

कुंपणापलीकडे मनकर्णाबाई सुपात लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. सत्तरीच्या बाई, नजर घारीची आणि आवाज भोंग्याचा. त्यांनी कुंपणावरून पाहिलं, की खोब्रागड्यांचा पाहुणा, इस्त्रीच्या सदऱ्यातला, मोरीत वाकून उलटी करतोय.

"सुलोचने!" त्यांनी आरोळी ठोकली. "अव सुलोचने! तुया पाहुन्याले तुयी मासोळी पचली नाही व!"

आतले ठोके सतरावर थांबले.

मागच्या दारात आधी सुलोचनाबाई आल्या, मग गुरुजी, मग अतुल, आणि सगळ्यात मागून सत्यभामा. परसराम दोन बोटं तोंडात घालून वाकलेला होता, डोळे लाल, नाक लाल.

"म्हंजे नाटक होतं," सुलोचनाबाई हळू आवाजात म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पुढून आस्वाद, अन् मागून ओकारी."

"नाही नाही ईनबाई," परसराम कसाबसा बोलला, "काटा... काटा अडकला."

"मघाशी नाही म्हणालात," गुरुजी पुढे आले. "सर्वांसमोर म्हणालात, काटाबिटा काही नाही. आता म्हणता आहे. दोन्हींतलं खरं कोणतं?"

"दोन्ही खरं हाय जी."

"असं कसं असेल?"

परसरामला त्या क्षणी ती जुनी, अर्ध्या वांग्याची हकीकत आठवली आणि घशातल्या काट्याहून मोठं काहीतरी छातीत टोचलं. अतुलचं तोंड उतरलं होतं. फोन अजून आत ताटाशेजारी चालूच होता आणि त्यातून हर्षाचा आवाज येत होता, "पप्पा? हॅलो? काय झालं जी? कोनी बोला नं!"

मनकर्णाबाई तोवर कुंपणाच्या फटीतून आत आल्या होत्या. भांडण कुंपणावरून पाहण्यात त्यांना कमीपणा वाटे. "व्हा बाजूले," त्यांनी गुरुजींना हटवलं. कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात त्यांच्याकडे काटे काढायचा चिमटा असे. भाताच्या रोवणीच्या दिवसांत अर्ध्या मोहल्ल्याचे पाय त्यांच्या मांडीवर येऊन जात. "मी पायाचा काढतो, गळ्याचा काढाले काय धाड भरली? बस गा भाऊ खाली. तोंड उघड. अजून उघड. सुलोचना सांगे, तू कंडक्टर होता म्हून; तिकीट तिकीट वरडत होता तवा कसं उघडे?"

परसराम पायरीवर बसला. अतुलने मोबाइलचा टॉर्च धरला. मनकर्णाबाईंनी चमच्याच्या दांड्याने जीभ दाबली, एक डोळा मिटला, चिमटा आत घातला आणि झटका दिला.

"आँ!" परसराम म्हणाला.

मनकर्णाबाईंनी चिमटा वर धरला. टोकाला नखाएवढा, बारीक, दुभंगलेला काटा होता. तो त्यांनी गुरुजींच्या तळहातावर ठेवला. गुरुजींनी चष्मा नीट केला, काटा उन्हात धरला, उलटासुलटा पाहिला.

"रोहूचाच आहे," त्यांनी निकाल दिला. मग परसरामकडे वळले. "पण मग मघाशी नाही कसं म्हणालात?"

"मघाशी नव्हता जी. तोंडात होता, पन गळ्यात नव्हता. मी सावकाश चावून राहिलो होतो, जिभेनं बरोबर सापडला असता." परसरामने पाठ चोळली. "तुमी पाठीत हानला, तवा गेला."

सुलोचनाबाईंनी सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हंजे काटा तुमी घातला!"

"मी उपचार केला!" गुरुजी म्हणाले.

"थो भला मानूस डोळे मिटून जेवून राहिला होता. तुमाले पाहवलं नाही. कोनी मन लावून जेवलं तं तुमाले रोगच वाटते!" त्यांचा आवाज आता मनकर्णाबाईंच्या आवाजाशी स्पर्धा करू लागला. "तेहतीस वर्षं रांधून राहिली मी. तेहतीस वर्षांत तुमच्या तोंडातून दोनच शब्द आले, 'मीठ बरोबर'. अन् थे बी मीठ बरोबर असन तवा!"

गुरुजींनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मनकर्णाबाईंनी चिमटा उघडून मिटवून दाखवला. गुरुजींनी तोंड मिटलं.

मग सुलोचनाबाई परसरामसमोर पायरीवर टेकल्या. "पन भाऊ, मंग काटा टोचला तवा सांगतलं काहून नाही? इतका येळ कायले सोसलं?"

परसरामने खाली पाहिलं. घसा खरवडला होता, आवाज घोगरा निघत होता. "तुमी इतक्या खूश दिसून राहिल्या होत्या, ईनबाई. मी म्हनलं, काट्याचं काय, घरी जाऊनही काढता येते."

सुलोचनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, उठल्या, आत गेल्या आणि ताटाशेजारचा फोन उचलला.

"हर्षा," त्या म्हणाल्या, "पोरी, तुया बापाले बरं हाय. काटा निंघाला. अन् आईक, एप्रिलमधी कॉलेजाले सुट्टी कवा लागते थे सांग. तारीख मी धरतो."

गुरुजी दारात उभे होते. तारीख नेहमी तेच धरत. त्यांनी परसरामकडे पाहिलं. परसराम त्यांच्याकडे पाहून, घसा सांभाळत, अगदी बारीक हसला. मग गुरुजीही हसले, आणि हसताना ते मुख्याध्यापक वाटतच नव्हते.

परतीच्या गाडीत परसराम खुशीत होता. पोरीचं जमलं होतं, सुलोचनाबाईंनी रोहूचा डबा भरून दिला होता, मनकर्णाबाईंनी गाडीपर्यंत येऊन 'पुन्हा अडकला तं येजो' म्हणून निरोप दिला होता. ऊन कलत होतं. त्याने मान मागे टेकली आणि डोळे मिटले.

"आपल्या लग्नाले किती वर्षं झाले?" सत्यभामाने विचारलं. ती दिघोरीपासून खिडकीबाहेर पाहत होती.

"एकतीस. काहून?"

"काही नाही. एकतीस वर्षं मी बी रांधूनच राहिली."

परसरामने डोळे उघडले.

"रस्त्यावर थांबून डबा खाल्ला, मान्य," सत्यभामा खिडकीशीच बोलत होती. "पन घरी बी जेवले नं तुमी? सुट्टीच्या दिवशी जेवले. दोन वर्षांपासून तं रोज दोनदा जेवून राहिले. कवा डोळ्यात पानी नाही आलं."

"अव, थे काट्यानं आलं होतं."

"दुसरं पानी काट्यानं आलं. पहिलं?"

तीस वर्षांत परसरामने प्रवाशांच्या हजार प्रश्नांना उत्तरं दिली होती. गाडी केव्हा सुटेल, कुठं थांबेल, पुढची कोणती. आता तो मांडीवरचा रोहूचा डबा सरळ करत बसला. पहिलं पाणी खरंच काट्याच्या आधीचं होतं.

"उद्या घरी दोडका हाय," सत्यभामा म्हणाली, आणि पुन्हा खिडकीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताट आलं. भात, वरण, दोडक्याची भाजी. सत्यभामा स्वतःचं ताट न घेता समोर बसली, हनुवटीखाली मूठ टेकवून. परसरामने भाजीकडे पाहिलं. दोडका हा काही डोळे मिटण्यासारखा प्रकार नव्हे, हे त्याला ठाऊक होतं. पण काही झालं तरी आज मिटायचेच, वीस नाही, चाळीस मोजायचे, आणि जमलं तर आवंढाही गिळायचा, असं तो रात्रीपासून ठरवून बसला होता.

त्याने घास घेतला आणि डोळे मिटले.

एक म्हणायच्या आत जिभेला आग लागली. दोनला ती आग खरवडलेल्या घशात उतरली. तीनला कानांतून वाफा निघाल्या. चारला डोळ्यांतून धारा लागल्या, दोन्ही गालांवरून, हनुवटीवरून, थेट ताटात. पण परसराम मोजत राहिला. ताटात टाकायचं नाही, मध्येच उघडायचे नाहीत. चाळिसाव्या आकड्याला त्याने डोळे उघडले तेव्हा सत्यभामा अतिशय समाधानाने त्याच्याकडे पाहत होती.

"कशी झाली?"

परसरामच्या तोंडातून आवाज निघेना. त्याने नुसती मान डोलावली.

"राहू द्या, समजलं," सत्यभामा म्हणाली आणि उठून आत गेली.

थोड्या वेळाने परसराम भिंतीचा आधार घेत पाण्यासाठी आत आला. ओट्यावर हिरव्या मिरच्यांची देठं पडली होती, चांगली मूठभर. सत्यभामा माठापाशी उभी होती. तिच्या कानाला फोन होता.

"रडले नं ईनबाई," ती सांगत होती. "ढळाढळा रडले. अन् थेही दोडक्यावर."